पैसे पाण्यात

आमच्या घराण्यात आजवर कोणी पैसे पाण्यात घातले नाहीत. आजोबा पोस्टात होते, वडील तहसील कचेरीत आणि मी बँकेत. म्हणजे तीन पिढ्या आम्ही दुसऱ्यांचेच पैसे मोजत आलो. पाण्यात घालण्याइतके स्वतःचे कधी हाताशी राहिलेच नाहीत. पण २०२३ सालच्या दसऱ्याला उजनी धरणाच्या काठच्या एका गावात मी यांत्रिक होड्यांच्या शर्यतीचा खजिनदार झालो आणि पाण्यात घालण्यासाठीच पैसे गोळा करायची जबाबदारी माझ्यावर येऊन पडली. गावाचं नाव सांगत नाही. माणसं चांगली आहेत, निवडणुका जवळ आहेत आणि मला अजून दोन वर्षं तिथंच काढायची आहेत.

त्याचं असं झालं. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. शेजारच्या गावानं लगोलग शर्यत भरवली. मांडव, कर्णे, फेटे, आमदार, सगळं झालं. आमच्या गावाला ते सहन होईना. पण पंचाईत अशी की, पूर्वी ज्या माळावर आमच्या गावच्या शर्यती व्हायच्या तो माळ धरणात गेला. आता तिथं शर्यत लावायची तर बैलांना पोहता यायला हवं.

"त्यांच्याकडं माळ हाय, आपल्याकडं धरण हाय," सरपंच म्हणाले. "त्यांनी बैलं पळवली, आपण बोटी पळवू!"

टाळ्या पडल्या. सभेत टाळ्या पडल्या की पुढचं वाक्य खर्चाचं असतं, हा माझा बँकेतला अनुभव. तसंच झालं. "आन् हिशेबाला आपले कॅशियरसायेब!" पुन्हा टाळ्या. मी कॅशियर नाही आणि साहेब तर नाहीच. मी साधा कारकून आहे. पण त्या गावात शर्टाच्या खिशाला पेन लावणारा प्रत्येक माणूस साहेब असतो.

इथं धरणाविषयी थोडं सांगायला हवं. भीमा नदीवर उजनीजवळ १९६६ साली या धरणाची पायाभरणी झाली आणि १९८० साली ते पुरं झालं. जलाशयाचं नाव यशवंतसागर. त्याचा कारभार बी. कॉम. झालेल्या माणसाला फार लवकर कळतो. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट. त्यातला त्रेसष्टच्या वर मृतसाठा. हा मिनिमम बॅलन्स समजा. राहिलेला साधारण त्रेपन्न टीएमसी म्हणजे खात्यातली काढता येण्याजोगी रक्कम. ती संपली की धरण शून्यावर आलं म्हणतात, पण पाणी असतंच. पुढे मृतसाठ्यातून उचल सुरू झाली की वर्तमानपत्रं 'उजनी उणे दहा टक्के', 'उणे वीस टक्के' असे आकडे छापू लागतात. आमच्या बँकेत मिनिमम बॅलन्सला हात लावला की दंड बसतो. इथं हात लावला म्हणून सोलापूरला प्यायला पाणी मिळतं. तेव्हा मी धरणाला ओव्हरड्राफ्टची सवलत मनोमन मंजूर करून टाकली आहे.

धरण झालं तशी भीमेच्या दोन काठांची फारकत झाली. पूर्वी उन्हाळ्यात नदी उतरून पलीकडच्या गावी जाता यायचं. लेकी दिल्या-घेतलेल्या, जत्रा एक, बाजार एक. पाणी अडल्यावर अलीकडे सोलापूर जिल्हा आणि पलीकडे पुणे जिल्हा, मध्ये समुद्र. रस्त्यानं जायचं तर भिगवणकडून नाहीतर टेंभुर्णीकडून वळसा. म्हणून काठाकाठानं इंजिनाच्या होड्या सुरू झाल्या. माणसं, मोटरसायकली, दुधाच्या किटल्या, नवरा-नवरी, बोकड, सगळं त्यातूनच इकडचं तिकडे जातं. आमच्या शर्यतीत पळणार होत्या त्या याच होड्या. वेग म्हणाल तर घाईत असलेला सायकलवाला त्यांना मागे टाकील. फक्त त्याला पाण्यावर सायकल चालवता यायला हवी.

यातली सगळ्यांत जुनी होडी मामांची. मामा म्हणजे गावाचे मामा. वय साठीच्या पुढचं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पलीकडे नेताना मध्येच इंजिन बारीक केलं आणि खाली बोट दाखवलं.

"सायेब, हितं आमचं घर."

मी खाली पाहिलं. नुसतं हिरवं पाणी.

"कुठं?"

"आपल्या बुडाखाली. ह्यो आत्ता ओटा गेला. आता गोठा लागंल."

आपल्याच घरावरून रोज भाडं मारणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो. काय बोलावं सुचेना. म्हणून मी तिकिटाचे सुटे पैसे मोजत बसलो. आम्ही बँकवाले अवघड प्रसंगी असंच करतो.

कमिटी झाली. शाळेचे मास्तर चिटणीस, सरपंच अध्यक्ष, मी खजिनदार आणि उरलेलं गाव सल्लागार. चाळीस स्वयंसेवकांचे बिल्ले करून घेतले. चाळीसही एका संध्याकाळी संपले. दोन तर एकाच घरात सासू-सुनेनं नेले. शर्यतीची एक स्मरणिका काढायची ठरली, कारण स्मरणिका असल्याशिवाय जाहिराती मिळत नाहीत आणि जाहिराती असल्याशिवाय स्मरणिका निघत नाही. तिच्यासाठी 'यांत्रिक नौकास्पर्धांचा उज्ज्वल इतिहास' हा अग्रलेख लिहायचं काम माझ्यावर आलं. गावात लिहिण्याचा सराव असलेला मीच. ज्यांना फॉर्म भरता येत नाहीत त्यांचे सगळ्यांचे फॉर्म मीच भरतो.

मी वाचायला बसलो. वाचून पाहिलं तर हा इतिहास उज्ज्वल कमी आणि ओला जास्त.

वर्तमानपत्रांचे मालक आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांनी १९०३ साली मोटरबोटींसाठी आंतरराष्ट्रीय करंडक ठेवला. पहिली शर्यत आयर्लंडातल्या कॉर्क बंदरात झाली. जिंकली नेपियर नावाची बोट, आणि ती चालवणाऱ्यांत होती डोरोथी लेव्हिट ही तरुणी. कोणी राजकन्या नव्हे. नेपियर कंपनीच्या कचेरीत सेक्रेटरीच्या कामावर आलेली मुलगी. वेग ताशी एकोणीस मैलांच्या वर. पण करंडकावर नाव कोरलं गेलं ते बोटीचे मालक एस. एफ. एज यांचं. कचेरीत नोकरी केलेल्या कोणालाही यात काही नवल वाटायचं नाही. वर्षअखेरचा ताळेबंद मी रात्री जागून जुळवतो. खाली सही साहेबांची असते.

पुढे १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये मोटरबोटींची शर्यत ठेवली. ऑगस्टअखेर, साउदम्प्टनच्या खाडीत. आठ सागरी मैलांची एक फेरी, अशा पाच फेऱ्या. वारा असा सुटला की बोटींना पुढे जाण्यापेक्षा वर राहण्याचीच चिंता. तीन गटांत शर्यती झाल्या आणि तिन्ही गटांत शेवटपर्यंत पोचलेली बोट प्रत्येकी एकच! ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांची वोल्सली-सिडली ही भारी बोट तर चिखलात रुतून बसली. रुतलेल्या बोटी आमच्या काठावर रोज दिसतात, पण त्यांच्यात ड्यूक नसतो. मग ऑलिंपिकवाल्यांनी यांत्रिक होड्यांचा नाद जो सोडला तो कायमचा.

हा मजकूर मी कमिटीत वाचून दाखवला. माझी अपेक्षा अशी की सगळे विचारात पडतील.

"म्हंजी एकटीच बोट पोचली तरी सोन्याचं पदक?" सरपंचांनी विचारलं.

"हो."

"मग आपलं सोपं हाय की!"

या सगळ्या शर्यती तोवर श्रीमंतांच्याच होत्या. सामान्य माणसाच्या हाती इंजिन दिलं ते अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये राहणाऱ्या ओल एव्हिनरूड या नॉर्वेजियन माणसानं. सांगतात ते असं. १९०६ च्या उन्हाळ्यात तळ्यावर सहल गेली होती. बेस नावाच्या मुलीला आइस्क्रीम हवं झालं. ओल वल्हवत पलीकडे गेला, आइस्क्रीम घेतलं आणि परत वल्हवत येईतो त्याचं दूध झालं. त्या वैतागातून त्याच्या डोक्यात होडीच्या मागे अडकवायचं इंजिन आलं. १९०९ साली ते बाजारात आलं, दीड अश्वशक्तीचं. वजन बासष्ट पौंड आणि किंमत बासष्ट डॉलर. इतका सुटसुटीत हिशेब मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. अर्थात हिशेब ओलचा नव्हता. धंद्याचा पत्रव्यवहार आणि वह्या बेस सांभाळायची. तोवर ती त्याची बायको झाली होती. ज्या नवऱ्याला आइस्क्रीम वेळेवर आणता येत नाही त्याच्या हाती तिजोरी द्यायची नाही, एवढं तिला पहिल्याच दिवशी कळलेलं असणार.

हे इंजिन आलं आणि मग हौशी माणसांच्या शर्यती सुरू झाल्या. हौशी म्हणजे कोण? ज्याला जिंकल्यावर शिल्ड मिळते आणि हरल्यावर पेट्रोलचं बिल मिळतं तो. जिंकल्यावरही बिल मिळतंच. फक्त ते शिल्डच्या मागे ठेवायची सोय होते.

आपल्याकडेही मोठा थाट झालेला आहे. मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हच्या समोर पी-वन पॉवरबोटींची शर्यत झाली. पण ती कंपन्यांच्या पैशावर. हौशी लोकांची खरी परंपरा पाहायची तर सांगलीला जावं. कृष्णेच्या पाण्यात होड्यांच्या शर्यती होतात. तिथं इंजिन नाही, वल्ही आहेत, आणि सांगली, समडोळी, कवठेपिरान, कसबे डिग्रज अशा गावांची ईर्षा आहे. होडी गावाची, हातही गावाचे. आणि पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब आहे, १९२८ सालचा. तिथं दरवर्षी मुळेच्या पात्रात 'रेगाटा' होतो आणि तो मुलंच उभा करतात. जलपर्णी हटवण्यापासून मशाली पेटवण्यापर्यंत कामं मुलांचीच. ते मुळेचं पाणी पुढे भीमेला मिळून आमच्याच धरणात येतं. येताना पुण्याचं बरंच काही घेऊन येतं, ते इथं सांगत नाही. वाचक जेवायला बसलेले असू शकतात.

मास्तरांचा भाचा याच महाविद्यालयात शिकलेला. दिवाळीत तो मामाकडे आला आणि मास्तरांनी त्याला तज्ज्ञ म्हणून कमिटीपुढे उभं केलं. मी तोवर अंदाजपत्रक तयार केलं होतं. मांडव, कर्णा, फेटे, नारळ, हार, शिल्ड, पाहुण्यांचा चहा, पाहुण्यांच्या ड्रायव्हरचा चहा. शर्यतीच्या मार्गावर खुणेला निळी पिंपं, त्यांना नायलॉनचा दोर आणि खाली दगड. होड्यांना डिझेल. शर्यतीच्या दिवशी होड्यांची भाडी बुडणार, त्याची भरपाई. एक रकाना सुटला नव्हता.

भाच्यानं कागद वरून खाली वाचला, पुन्हा खालून वर वाचला आणि विचारलं, "रेस्क्यू बोटी किती?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी कागदाकडे.

"शर्यतीत आठ बोटी आहेत," मी म्हणालो.

"त्या शर्यतीच्या. बुडणाऱ्याला काढायच्या किती?"

"आमच्या गावात कोणी बुडत न्हाय," एक सल्लागार म्हणाले. "समद्यांना पोहायला येतं."

पोरगा शांतपणे सांगू लागला. पाण्यावरची शर्यत भरवायची म्हणजे पहिली होडी बचावाची आणि मग दुसरी शर्यतीची. प्रत्येक वळणावर एक होडी हवी. तीत एक चालवणारा, एक पट्टीचा पोहणारा आणि एक नुसता बघणारा. जो पोहतो त्यालाही जाकीट, कारण डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेल्या माणसाला पोहणं आठवत नाही. काठावर डॉक्टर आणि गाडी. डिझेलपाशी आग विझवायची नळकांडी. आणि मागे अडकवायच्या इंजिनाच्या बोटींना एक लाल दोरी असते. तिचं एक टोक इंजिनाच्या बटणाला आणि दुसरं चालवणाऱ्याच्या अंगाला. माणूस बाहेर फेकला गेला की दोरी निघते आणि इंजिन आपोआप बंद पडतं, नाहीतर रिकामी बोट गोल फिरून पंख्यासकट त्याच माणसावर येते. "सगळ्यांत स्वस्त वस्तू ती दोरी आणि सगळ्यांत महागात पडते तीही दोरीच, नसली तर," तो म्हणाला.

मास्तरांनी अभिमानानं सगळ्यांकडे पाहिलं. मी अंदाजपत्रकात एक ओळ वाढवली : 'बचाव'. पुढे आकडा घालायचा राहिला.

तो आकडा भरायला मी पुढचे दोन महिने झटलो, आणि त्या दोन महिन्यांत मला जे कळलं ते बी. कॉम.च्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. माणसं बक्षिसाला पैसे देतात. पहिल्या नंबराच्या शिल्डला कै. वडिलांचं नाव द्यायला तीन कुटुंबं तयार. त्यांच्यात भांडण लागलं म्हणून आम्ही पहिले नंबर तीन ठेवले. फेट्यांना दाता मिळाला. कर्ण्याला मिळाला. पण "बचावाच्या होडीसाठी काही द्या" म्हटलं की समोरचा माणूस असा बघे, जणू मी त्याच्या घरी मंगलकार्याला जाऊन तिरडीचे बांबू मागतोय. एक दुकानदार म्हणाला, "सायेब, कोण बुडलं तर द्येतो की! आधीच कशाला?"

त्याचं बरोबरच होतं. या खर्चाची गंमतच अशी की तो सार्थकी लागला तर फुकट गेल्यासारखा दिसतो. कोणी बुडलं नाही, म्हणजे जाकिटं उगीच घेतली. अशा खर्चाला हार कोण घालणार?

आणि माणसांचंही तेच. चाळीस बिल्ले वाटले होते. कामाचा तक्ता लावला तेव्हा व्यासपीठावर अकराजण, पाहुण्यांच्या स्वागताला चौदा, कर्ण्यावर बोलायला सहा. बचावाच्या होडीसाठी एकच नाव आलं, मामांचं.

"पोरांना सांगा ना," मी म्हणालो.

"पोरं बसत न्हाईत," मामा म्हणाले. "त्या होडीत बसलं की शर्यत दिसत न्हाय. शर्यतीकडं पाठ करून पाण्याकडं बघत बसायचं असतं. पोरांना कसं जमंल?"

वाचकहो, कॉर्कपासून साउदम्प्टनपर्यंतचा आणि सांगलीपासून पुण्यापर्यंतचा सगळा इतिहास मी पुन्हा डोळ्यांपुढून घातला. वाऱ्यात ज्या बोटी माघारी फिरल्या त्यांची माणसं घरी पोचली, म्हणजे कोणीतरी पाण्याकडे बघत बसलेलं असणारच. ते कोण होतं, त्याला चहा तरी मिळाला का, हे कुठल्या करंडकावर कोरलेलं नाही. 'उज्ज्वल इतिहास' हा मथळा मी खोडून टाकला. दुसरा सुचला नाही. लेख अर्धा राहिला.

शर्यतही अर्धीच राहिली. तिचं कारण मात्र खुद्द धरण. २०२३ च्या पावसानं हात आखडता घेतला होता आणि धरण भरलंच नव्हतं. आम्ही मार्ग आखला तेव्हा पाणी शाळेच्या खालच्या बांधापर्यंत होतं. परवानग्यांचे अर्ज निघाले. कुणी म्हणे जलसंपदा खात्याचा दाखला आणा, कुणी पोलिसांचा, तर कुणी वनखात्याचा, कारण हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात आणि त्यांना आवाज चालत नाही. एका कचेरीत विचारलं, "अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ खाली या होड्यांची नोंदणी झालीय का?" त्याआधीचा कायदा १९१७ चा होता. मामांना नवाही ठाऊक नव्हता आणि जुनाही. त्यांना ठाऊक होता तो फक्त वारा. तोंडावर पश्चिमेचा वारा आला की होडी सोडायची नाही, हा त्यांचा एकमेव अधिनियम.

अर्ज फिरत राहिले आणि पाणी मागे जात राहिलं. जानेवारी २०२४ मध्येच उजनीचा उपयुक्त साठा संपला आणि मिनिमम बॅलन्सला हात लागला. आम्ही खुणेला टाकलेली पिंपं एकामागून एक जमिनीवर येऊन बसली. जिथं अंतिम रेषा होती तिथं एका शेतकऱ्यानं गाळपेराचा मका केला. मार्चमध्ये एक परवानगी आली, तेव्हा शर्यतीच्या मार्गावर म्हशी चरत होत्या. पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं, जुने रस्ते वर आले, आणि एक दिवस मामांनी मला चालत नेऊन त्यांचा ओटा दाखवला. चार घडीव दगड आणि एक उखळ. मामा त्या ओट्यावर टेकले. मी उभा राहिलो. बसा म्हणाले नाहीत; बहुधा त्यांच्या मनात घरातलं कोणीतरी बाहेर येऊन म्हणेल असं असावं.

त्या उन्हाळ्यात, २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी, करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला निघालेली होडी अचानक उठलेल्या वादळात उलटली. होडीत सातजण होते. एकजण पोहून काठाला लागला. सहाजण गेले. त्यांत लहान मुलंही होती. आपत्ती निवारण दलाचे जवान आले, शोध चालला. काठाकाठानं सगळी गावं पाण्याकडे तोंड करून बसली. आमच्या गावातल्या होड्याही कुणी न सांगता बंद राहिल्या. पाणी उण्यात होतं, तरी ते एवढं होतं.

नंतरच्या रविवारी कमिटीची बैठक झाली. कोणी बोलावली नव्हती; माणसं आपली आली. मी वही उघडून हिशेब वाचला, कारण मला दुसरं काही येत नाही. जमा ४६,३५१ रुपये. खर्च : पिंपं आणि दोर ६,२००, फलक २,८००, परवानग्यांसाठी जाणं-येणं, अर्ज आणि झेरॉक्स २,३४०, कमिटीचा चहा ३,०११. एकूण १४,३५१. शिल्लक ३२,०००. बचाव : शून्य.

शेवटची ओळ वाचताना माझा आवाज थोडा बारीक झाला.

एरवी ज्यांना सल्ला आवरत नाही ते सल्लागार गप्प होते. मग मघाचा तो दुकानदार, "कोण बुडलं तर द्येतो" म्हणणारा, उठला. "सायेब, ती जाकिटं किती पैशाची येत्यात?"

मी म्हणालो, बऱ्यापैकी घेतलं तर एक हजार पन्नासला.

"मग शर्यतीचं नंतर बघू."

शिल्डवाल्या तिन्ही कुटुंबांना विचारलं. दोघांनी लगेच हो म्हटलं. तिसऱ्यांनी विचारलं, "जाकिटावर वडलांचं नाव घालता येईल का?" मी म्हटलं, येईल की, पण पाठीवर. मग त्यांचीही हरकत राहिली नाही.

तीस जाकिटं आणली. ३१,५०० रुपये. उरलेल्या पाचशेत दोन शिट्ट्या आणि एक जाड रजिस्टर. काठावर पाळी लावली. होडी सुटताना एकानं उभं राहायचं, माणसं मोजायची, जाकिटं मोजायची, वाऱ्याकडे बघायचं आणि मामा नको म्हणाले तर कुणाचंही ऐकायचं नाही. या कामाला बिल्ला ठेवला नाही. गंमत म्हणजे तेवीस नावं आली.

सुरुवातीला फजिती फार झाली. उन्हाळ्यात ते जाकीट घालायचं म्हणजे रजई पांघरून चुलीपाशी बसण्यासारखं. लोक बुडाखाली घेऊन बसायचे. फळीपेक्षा मऊ लागतं म्हणाले. एका नवरदेवानं फोटोत शेरवानी दिसत नाही म्हणून नकार दिला, तर त्याच्या आजीनं भर काठावर त्याला असं काही सुनावलं की बँडवाल्यांनीही जाकिटं घातली. एक गृहस्थ बोकडालाही मागू लागले. मामा म्हणाले, "त्याचं तिकीट कुटं काढलंय तुमी?"

माझी पाळी रविवारी असते. जूनमधल्या एका रविवारी मोजली तर जाकिटं एकोणतीस भरली. पुन्हा मोजली. एकोणतीसच. बँकेत एक रुपया कमी आला तरी मला जेवण जात नाही. इथं तर हजार पन्नासचं जाकीट. गावभर चौकशी केली. कोणी काही बोलेना. रजिस्टरात लाल शाईनं 'तफावत : १' असं लिहिलं आणि महिनाभर त्या ओळीखालून वर आलो नाही.

मग पाऊस आला. २०२४ ला तो असा आला की ऑगस्टमध्ये धरण शंभर टक्क्यांच्या वर गेलं. गाळपेराची रानं पाण्याखाली गेली, पळसदेवचं देऊळ गेलं, मामांचा ओटाही गेला. पाणी पुन्हा शाळेच्या बांधाला लागलं. शर्यतीची गोष्ट कोणीतरी काढली. सरपंच म्हणाले, पुढच्या साली बघू. पण आता त्यांनी स्वतःहून पहिला प्रश्न विचारला तो बचावाच्या होड्यांचा.

अशाच एका रविवारी मामा मधल्या पाण्यातून परतले तेव्हा त्यांच्या होडीत काहीतरी केशरी दिसलं. जवळ आल्यावर पाहतो तर बुजगावणं! मक्यातलं. कुणीतरी आमचं जाकीट त्याला चढवलं होतं. पाखरं केशरी रंगाला भितात म्हणे. मका निघाला, बुजगावणं तसंच राहिलं आणि पाणी चढल्यावर बाहेर पडून जलाशयाच्या मध्यापर्यंत गेलं.

"उभं होतं पाण्यात, सायेब," मामा म्हणाले. "मडकं वर. चुन्यानं काढल्यालं त्वांडबी भिजलं नव्हतं."

"म्हणजे जाकीट चांगलं आहे," मी म्हणालो.

"गवताचं हाय त्ये. तसंबी तरंगलं असतं," मामा म्हणाले. मग थोडा वेळ मडक्याकडे पाहून म्हणाले, "पर मडकं बुडालं असतं."

मी रजिस्टर उघडलं. तफावतीची लाल ओळ खोडली. जाकिटं तीस, परत तीस. शेवटचा रकाना मास्तरांनी हौसेनं आखला होता, 'वाचवलेले'. तो पहिल्या पानापासून कोरा होता. मी पेन काढलं आणि तिथं लिहिलं : एक.

खाली सही मात्र माझीच केली.